चौकातल्या टाक्याविषयी

अण्णा,

ज्या फरशीला कुणी हात लावायचा नाही असं तुम्ही तीनदा बजावलंत, शेवटचं तर दवाखान्यात, नाकात नळी असताना, ती फरशी मागच्या मंगळवारी मी फोडायला लावली. आधीच सांगून टाकते. लांबलचक प्रस्तावना तुम्हाला कधी आवडली नाही. मुलांच्या निबंधातलं पहिलं पान तुम्ही न वाचताच उलटत होता. तेव्हा हे दुसरं पान समजा. फरशी फोडली, मी सांगितलं म्हणून फोडली, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. आता सावकाश रागवा.

घर पुन्हा उघडलंय. तुमचा नातू, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, आता तीन वर्षांच्या मुलीचा बाप आहे. सुभानपुऱ्यातला सातव्या मजल्यावरचा चांगला फ्लॅट सोडून त्याला जुन्या बडोद्यात, मांडवीच्या गर्दीत, जिथे रिक्षासुद्धा आत यायला कां-कूं करते, त्या आपल्या घरात राहायला यायचंय. तो कारखान्यात पाळीची नोकरी करतो, त्यामुळे ही कल्पना त्याची असणं शक्य नव्हतं. त्याला झोपेपलीकडे काही सुचत नाही. कल्पना त्याच्या बायकोची. ती गुजराती आहे, आर्किटेक्ट आहे, आणि मला ‘फोई’, म्हणजे आत्या, म्हणते. पहिल्यांदा घर दाखवायला नेलं तेव्हा आमचे इतर नातेवाईक जे म्हणतात ते, म्हणजे ‘किती येईल याचं?’, ती म्हणाली नाही. ती दर्शनी खांबांवर हात फिरवत राहिली, मग वर पाहून म्हणाली, “फोई, या सागावर रंग कुणी दिला?” मी म्हटलं, माझ्या वडिलांनी, दर दिवाळीला, ऑइलपेंट, बदामी. “बहु प्रेमाळ माणस हशे,” म्हणाली; फार प्रेमळ माणूस असणार. तुमच्या सुसंस्कृतपणाची इतक्या सभ्यपणे कुणी वाट लावलेली मी पाहिली नव्हती. तिथेच माझं आणि तिचं जमलं.

सहा महिने ती दोघं तो बदामी रंग खरवडताहेत. रविवारी मीही जाते. छोटी एका पाटावर बसून आम्हाला हुकूम सोडते. एकेका वर्षाचा थर निघतो, त्याखाली पोपट निघतात, वेली निघतात. एका खांबावर तुमच्या आजोबांच्या काळच्या कुणा सुतारानं कोरलेलं माकडही निघालं. तुमच्या आजोबांसारख्या दरबारी नोकराच्या दारात माकड कोरून ठेवणारा तो सुतार मला फार आवडला. तुम्ही त्याच्यावर पस्तीस वर्षं रंग देत होता.

टाक्याचं प्रकरण मात्र असं सहज निघालं नाही. चौकातल्या कोट्याच्या फरशा बदलायच्या का, हे बघताना पुतण्याची बायको एका काठीनं ठोकत ठोकत गेली आणि तुमच्या आरामखुर्चीच्या जागी थांबली. पुन्हा ठोकलं. “फोई, नीचे पोलुं छे.”

मी म्हटलं, पोकळ कसं असेल? तिथे आपलं पावसाच्या पाण्याचं टाकं होतं. माझ्या वडिलांनी ते भरून टाकलं. सात गाड्या मलबा पडलाय त्यात. हे मी इतक्या खात्रीनं म्हटलं की माझा आवाज मला आईसारखा वाटला. कारण हे वाक्य तिचंच. सात गाड्या. तुम्ही तिला सांगितलेला आकडा.

ती परत ठोकत होती. वर्गात मठ्ठ मुलाला आपण दुसऱ्यांदा उदाहरण देतो तसं.

त्या दिवसाची तुम्हाला आठवण करून द्यायची गरज नाही, पण मला तो सांगायचा आहे. उन्हाळ्याची दुपार, मी दहा वर्षांची, धाकटा चार वर्षांचा. तुम्ही पुढच्या खोलीत तीन विद्यार्थ्यांना शिकवताय. आई मागे पापड वाळत घालतेय. चौकातल्या टाक्याचं लाकडी झाकण, पत्रा ठोकलेलं, बाजूला पडलेलं आहे. मग एक आवाज येतो. मोठा नाही, कळशी बुडावी तेवढाच. तुम्ही बाहेर येता आणि पाणी किती आहे हे न बघता उडी टाकता. पोहता तुम्हाला कधीच येत नव्हतं. उन्हाळा होता म्हणून पाणी तुमच्या छातीपर्यंतच होतं, नाहीतर त्या दिवशी तुम्ही दोघं गेला असता. समोरच्या घरातल्या मासी शिडी, त्यांची ती निसणी, घेऊन धावत येईपर्यंत तुम्ही धाकट्याला दोन्ही हातांनी डोक्यावर धरून अंधारात उभे. वर तुमचे तिघे विद्यार्थी डोकी खाली घालून बघताहेत. गुरूला वरून बघण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

धाकटा रडायला लागला तेव्हा आईनं विचारलं, “झाकण कुणी उघडं ठेवलं?” तुमच्या धोतरातून पाणी गळत होतं. तुम्ही म्हणालात, “मी. सकाळी पाणी काढलं, आणि विसरलो.”

विसरलो. अण्णा, तुम्ही. ज्यांना उभ्या बडोद्यात पाठांतरासाठी ओळखत होते. दुसऱ्या गावचे शास्त्री अडलेला श्लोक विचारायला पोस्टकार्ड टाकायचे आणि तुम्ही पोथी न उघडता उलट टपाली उत्तर लिहायचात. आई त्या दिवशी ओरडली नाही. ती धाकट्याला आणि मला घेऊन माहेरी गेली आणि निरोप पाठवला: टाकं भरलं तरच परत येईन. दोन महिन्यांनी आलो तेव्हा चौकात नवी फरशी होती, तिच्यावर तुमची आरामखुर्ची, आणि तुम्ही दारातच सांगितलंत, “भरलं. सात गाड्या.”

आईनं ते मानलं, पण दुसरं काही मानलं नाही. त्यानंतर तिनं आम्हाला कधी तुमच्यापाशी एकटं ठेवलं नाही. अंगात ताप असला तरी बाजारात बरोबर नेई. “माझी मुलं मी त्यांच्या स्मरणशक्तीच्या भरवशावर टाकणार नाही,” हे ती पाहुण्यांसमोर, हसत, पोहे वाढता वाढता म्हणायची. गोष्ट गावात पसरली. तीनपैकी दोन विद्यार्थी दुसऱ्या शास्त्र्यांकडे गेले. तुम्ही बाजारातून येताना कोथिंबीर आणायची राहिली की धाकटासुद्धा म्हणे, “अण्णा विसरले.” तुम्ही हसायचात. मला वाटायचं, हसतात म्हणजे खरंच विसरले असतील.

असो. तर फरशी. घर आम्हा दोघा भावंडांच्या नावावर, म्हणून धाकट्याला पुण्याला फोन केला. बँकेतला मोठा अधिकारी आहे तो, पण अजून शॉवरखाली उभा राहत नाही. बादलीतून तांब्यानं अंघोळ करतो, डोळे उघडे ठेवून. त्याला सांगितलं की खाली पोकळ वाजतंय, उघडून बघायचं म्हणते.

“नाही,” तो म्हणाला. “अण्णांनी भरलंय ते.”

“मग वाजतं कसं?”

“जुनं झालं की सगळंच पोकळ वाजतं.”

“मला बोलतोयस का?”

“ताई, चेष्टा नको. माझी नात तिथे खेळणार आहे. पोकळ असेल तर सरळ काँक्रीट ओता. उघडून बघायचं काय आहे त्यात?” मग, “अण्णा दवाखान्यात काय म्हणाले ते तूच ऐकलंयस ना?”

ऐकलं होतं. पण तो ‘नाही’ म्हणाला आणि तुम्ही ‘नाही’ म्हणाला होता, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा दोन नकार मिळून एक होकार झाल्यासारखं मला वाटलं. शाळेत तीस वर्षं मुलांना संस्कृत शिकवलं, आज्ञार्थाची रूपं घोकून घेतली. आता निवृत्त बाईनं एक आज्ञा मोडायला हरकत नाही. मी पुतण्याच्या बायकोला म्हटलं, फोड. ती म्हणाली, “पप्पांना?” म्हणजे सासऱ्यांना, धाकट्याला. मी म्हटलं, पप्पांना मी सांगेन.

पादरा गावचे एक वयस्कर कडिया, म्हणजे गवंडी, आहेत, जुन्या चुन्याचं काम करणारे. मंगळवारी सकाळी ते आले. फरशी काढली, खाली एक अखंड दगड, त्याला कडी. चौघांनी मिळून तो सरकवला. मलबा नव्हता, अण्णा. एक गाडी नाही, एक घमेलं नाही. खाली स्वच्छ काळोख होता. कडियाकाकांनी दिवा पेटवला, दोरीला बांधून खाली सोडला. आत हवा कुजली असेल तर दिवा विझतो, मग माणसानं उतरायचं नाही, असं त्यांनी छोटीला समजावून सांगितलं. आम्ही सगळे ओणवे होऊन बघत होतो. दिवा तळाला टेकला आणि जळतच राहिला. “बेन, आमां हवा आवे छे,” काका म्हणाले. आत हवा येतेय. कुठून?

मला माहीत होतं कुठून. तुळशीच्या कट्ट्याखाली एक भोक होतं, पितळी जाळी लावलेलं. तुम्ही दर दसऱ्याला ती जाळी काढून, चिंचेनं घासून, पुन्हा बसवायचात. शस्त्रं, पोथ्या आणि ही जाळी. आईनं विचारलं की म्हणायचात, “वास्तूला नाक असावं.” तीस दसरे मी तुम्हाला त्या नाकाची पूजा करताना पाहिलं आणि तुमच्या इतर विक्षिप्तपणांत जमा केलं.

काका निसणीनं खाली उतरले, भिंतीवर नख ओढलं, बोट चाटलं, आणि वर बघून बोलले. ते काय म्हणाले ते मराठीत लिहिते, म्हणजे निसटायला जागा राहणार नाही. ते म्हणाले, “बंद करण्याआधी पाणी उपसून, आतून चुन्याचा ताजा हात दिलेला आहे. दोनदा. जे भरून टाकायचं त्याला कोण चुना देतं?”

कोण देतं, अण्णा? सांगा. तुम्हाला इष्ट आणि पूर्त ठाऊक होतं. यज्ञयाग हे इष्ट, विहीर खणणं हे पूर्त, पुण्य. ती बुजवणाऱ्याला काय मिळतं तेही ठाऊक होतं. म्हणून तुम्ही शास्त्र राखलंत आणि बायकोशी खोटं बोललात. ती बाई तुमच्यामागे आणखी सहा वर्षं होती. रोज त्या फरशीवर भाजी निवडायला बसायची, कारण सगळ्या घरात तेवढीच जागा तिला भक्कम वाटायची. पोकळीवर. तुम्ही शेवटपर्यंत तिला सांगितलं नाहीत आणि मला मात्र त्याच वर्षी, तुळशीला पाणी घातलं असं खोटं सांगितलं म्हणून, कट्ट्यासमोर तासभर उभं केलंत. तेव्हा म्हणाला होतात, “खोटं बोलायचं तर ते जन्मभर सांभाळावं लागतं. आहे तेवढी ताकद?” मला वाटलं, उपदेश आहे. आता कळतंय की तुम्ही अनुभवाचं बोलत होता. समोर तुळस, तिच्याखाली तुमची जाळी, आणि मला विचारताय ताकद आहे का.

मला तुमचा राग आलाय. जपून शब्द वापरतेय. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. मग पुतण्याच्या बायकोनं कागद पसरला. टाकं वापरायचं, म्हणाली: छपराचं पाणी परत त्यात सोडायचं, तोंडावर लोखंडी जाळी, तिला कुलूप, किल्ली उंच खुंटीवर, पाणी ओढायला हातपंप. मी म्हटलं, कर. तुमचं खोटं मी पाण्यानं भरणार आहे, अण्णा. सात गाड्या मलब्यापेक्षा ते बरं.

शनिवारी धाकटा आला. न कळवता, पहाटेच्या गाडीनं, मी फोनवर सांगितलेल्या त्या नकाशावर सही करणार नाही हे सांगायला. बॅगही खाली ठेवली नाही. “ताई, तू कुणाचंच ऐकत नाहीस,” म्हणाला. मी म्हटलं, हो. सून चहा घेऊन आली, “पप्पा, बेसो ने,” तरी तो चौकाच्या कडेकडेनं, भिंतीला पाठ लावून उभा. कडियाकाकांनी त्याला जे मला सांगितलं तेच सांगितलं. चुन्याचे दोन हात, जाळी, हवा. तो ऐकत राहिला. मग त्यानं बॅग ठेवली, बूट काढले, विजार दुमडली. कुणी काही म्हणायच्या आत तो निसणीवर होता. बावन्न वर्षांचा, बादलीनं अंघोळ करणारा माणूस. छोटी ओरडली, “आजोबा चालले,” आणि मी तिला मागून घट्ट धरलं.

तो तळाशी उभा राहिला. तुम्ही उभे होता तिथेच. बराच वेळ वर आला नाही. मग म्हणाला, “इथून आकाश चौकोनी दिसतं.” त्याचा आवाज भरदार होऊन वर आला.

आता ते सांगते ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं आणि इतकी पानं तुमच्यावर रागावत बसले.

मी लहान असताना शब्द खाऊन बोलायचे. दीर्घ स्वर माझ्या तोंडात ऱ्हस्व होऊन मरायचे. तुम्ही एका सकाळी मला चौकात नेलंत, झाकण उचललंत, मला पालथं झोपवलंत, माझ्या कंबरेवर हात ठेवलात आणि म्हणालात, “आत म्हण. ते तुला तुझंच म्हणणं परत देईल. मी सांगण्यापेक्षा तूच ऐक.” मी म्हटलं, आणि खालून कुणी मोठी विदुषी ते परत म्हणाली. इतकी सुंदर भेट मला कुणी दिली नाही. तुमचे विद्यार्थी तुमच्याकडून शिकत होते. मी टाक्याकडून शिकले. मात्र तुम्ही एक नियम घातला होता: एकटीनं झाकण उघडायचं नाही.

त्या दुपारी उघडलं होतं. तुम्ही पुढच्या खोलीत, आई मागे. मी दहा ओळी म्हटल्या, अकराव्या ओळीला आईनं पापडांवर कावळा येतोय म्हणून हाक मारली, आणि मी पळाले. झाकण बाजूला. तुम्ही सकाळी पाणी काढलं नव्हतं, अण्णा. त्या दिवशी तुम्हाला सर्दी होती, तुम्ही अंघोळच केली नव्हती. हे मला तेव्हाच माहीत होतं. अठ्ठेचाळीस वर्षं मी स्वतःला समजावत आले की तुमचा खरंच गोंधळ झाला असेल, विद्वान माणसं विसरतात. पण पुढच्या खोलीत टाक्यातला आवाज स्पष्ट येत असे. तुम्ही माझ्या दहा ओळी ऐकल्या असणार. अकरावी आली नाही हेही ऐकलं असणार. एखादी ओळ सुटलेली तुम्हाला कधी कळली नाही, असं झालंय का?

मग आईसमोर ‘मी’ म्हणालात, आणि मी दाराआड उभी राहून तुम्हाला म्हणू दिलं.

तर शनिवारी धाकटा तिथे खाली उभा आहे, त्याची सून आणि नात माझ्या दोन्ही बाजूंना, मी कडेला ओणवी. आणि तो अगदी हळू विचारतो, “ताई, चुन्याचे दोन हात, दर वर्षी जाळी... इतकं सगळं लक्षात ठेवणारा माणूस. अण्णा खरंच इतके विसराळू होते का गं?”

माझ्यापाशी खरं उत्तर तयार होतं. मंगळवारपासून मी ते रोज घोकत होते. इतक्या आज्ञा मोडून, फरशी फोडून, त्याचा नकार डावलून मी याच एका वाक्यापर्यंत आले होते. टाक्याच्या तोंडात वाकले आणि त्याऐवजी म्हटलं, “होते रे.”

खालून ते परत आलं. स्पष्ट, स्वर जागच्या जागी. होते रे.

तो वर आला, पाय पुसले, सही केली. आता जाळी बनवायला टाकली आहे.

हे पत्र तुम्हाला पाठवता येत नाही, हे मला कळतं. तेवढं लॉजिक तुम्ही शिकवलंत. पण अण्णा, पाकिटावर मी पत्ता लिहिला आहे. पुण्याचा, धाकट्याचा. तिकीटही लावलं आहे. चार दिवस ते इथे, चष्म्याच्या डबीखाली, आहे. रोज भाजी आणायला निघते, टपालपेटीवरून जाते, आणि घरी आले की म्हणते, विसरले.